सुईनंतरची आग आणि लाली : वाचकांचे प्रश्न, त्वचातज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांविषयी लिहिताना सुईतून वीज सोडून केस काढण्याचा, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसचा, विषय एका परिच्छेदात आटोपला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे : केस जातात, पण चेहरा लाल होतो, आग होते, खपल्या धरतात, क्वचित डाग राहतात, तर यावर काय लावावे? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. पीसीओएस या हॉर्मोनच्या विकारामुळे हनुवटीवर आणि गळ्यावर राठ केस येतात. अनेक वर्षे थ्रेडिंग केले. आता एका क्लिनिकमध्ये इलेक्ट्रोलिसिस सुरू केले आहे. दर सिटिंगनंतर हनुवटी लालबुंद होऊन सुजते आणि ती सूज दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. मग बारीक पुळ्या येतात, नंतर तपकिरी खपल्या. कोणी कोरफड सांगते, कोणी हळद-लिंबू, आणि औषधाच्या दुकानातून एक मलम मिळाले आहे. मी रोज स्कूटरवरून हिंजवडीला जाते. नेमके काय लावावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काय लावावे हा प्रश्न थोडा पुढे ढकलू. सिटिंगनंतर चेहऱ्याची किती आग होणार, हे बहुतांशी सुई बाहेर येण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यानंतर मलमाच्या हाती फार थोडे उरते.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्या रोमकूपात, केसाच्या कडेने, अतिशय बारीक सुई सरकवतात आणि तिच्यातून वीज सोडून केसाचे मूळ नष्ट करतात. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात रुतणाऱ्या पापणीच्या केसांवर ती वापरली आणि १८७५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. आज तिचे तीन प्रकार प्रचारात आहेत. गॅल्व्हानिक प्रकारात एकदिश प्रवाहामुळे रोमकूपातील मीठ व पाणी यांपासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मुळाच्या पेशी जाळतो. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होते. ब्लेंडमध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या जातात. प्रकार कोणताही असो, त्वचेच्या आत एक सूक्ष्म जखम मुद्दाम केलेली असते; तेव्हा थोडी लाली आणि सूज येणारच. ती काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात उतरावी. हनुवटीवर आणि गळ्यावर छिद्रांच्या तोंडाशी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरणे आणि आठवड्याभरात त्या आपोआप गळून पडणे, हेही स्वाभाविक आहे. परंतु दर वेळी दुसऱ्या दिवशीही टिकणारी सूज आणि पुळ्या यांचे कारण क्लिनिकच्या खुर्चीतच शोधायला हवे.

हनुवटीवरच्या राठ केसाचे मूळ कित्येकदा ४-५ मिलिमीटर खोल असते. सुई तिथवर न पोचता वरच थांबली, तर उष्णता त्वचेच्या पृष्ठभागाजवळ सुटते. छिद्राभोवती लगेच पांढरट कडे उमटते, पुढे फोड येतो किंवा जाड खपली धरते आणि इतके सोसूनही केस पुन्हा उगवतो. वर्षानुवर्षे थ्रेडिंग झालेल्या चेहऱ्यावर ही शक्यता अधिक असते, कारण वारंवार उपटल्यामुळे काही रोमकूप वाकडे झालेले असतात आणि वाकड्या वाटेने सरळ सुई खालपर्यंत नेणे हे कौशल्याचे काम आहे. दुसरे कारण प्रवाहाची मात्रा : ती गरजेपेक्षा जास्त ठेवणे किंवा जास्त वेळ सोडणे. तिसरे, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे घाई. एका सिटिंगमध्ये हनुवटी ‘साफ’ करून देण्यासाठी लगतचे सगळे केस एकापाठोपाठ घेतले जातात. मग प्रत्येक छिद्राभोवतीची उष्णता शेजारच्या उष्णतेत मिसळते आणि सगळा भाग भाजल्यासारखा होतो. एक केस घेऊन शेजारचे दोन-तीन पुढच्या वेळेसाठी सोडले, तर केसांची संख्या तितकीच भरते आणि त्वचा मात्र शांत राहते. तीच जागा पुन्हा घेण्यापूर्वी आधीच्या खपल्या पूर्ण गळालेल्या असाव्यात.

काम नीट होत आहे की नाही, हे खुर्चीत बसलेल्या व्यक्तीलाही कळू शकते. वीज सोडून झाल्यावर चिमट्याने धरलेला केस कोणतीही ओढ न जाणवता अलगद सरकून बाहेर यायला हवा. राठ केस असेल तर त्याच्या मुळाशी ओलसर, चकचकीत, पांढुरके आवरणही दिसते. तंत्रज्ञाला सांगून दोन-चार केस टिशूवर ठेवून घ्यावेत आणि भिंगाखाली पाहावेत. थ्रेडिंगच्या वेळी बसतो तसा झटका दर केसाला बसत असेल, तर केस उपटला जात आहे आणि आपण नुसतीच आग विकत घेत आहात. सुई केसाच्या जाडीला साजेशी आहे का, टोक वगळता तिच्यावर विजेला अटकाव करणारे आवरण आहे का (आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला अशी सुई बहुधा मानवते), ती निर्जंतुक पाकिटातून आपल्या देखत काढली आणि काम संपल्यावर टाकून दिली का, हे सर्व विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दहा रुपयांच्या सुट्ट्यांवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालणारे आपण पुणेकर, चेहऱ्यावर सुई चालवणाऱ्या व्यक्तीसमोर मात्र का कोण जाणे, गप्प बसतो.

आणखी एक बारीकशी बाब. रोमकूपात खाली ओलावा जास्त आणि वर तेलकटपणा जास्त असतो. वीज ओलाव्यातून सहज वाहते, त्यामुळे वरची त्वचा काही प्रमाणात आपोआप सुरक्षित राहते. चेहरा घामाने थबथबलेला असेल, तर हे संरक्षण उणावते. एप्रिल-मेच्या दुपारी स्कूटरवरून येऊन तडक खुर्चीत बसू नये. पंख्याखाली वेळ काढून, चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करूनच सुरुवात करू द्यावी. शक्य असेल तर सिटिंग संध्याकाळची घ्यावी, म्हणजे परतताना ऊनही नसते आणि रात्रभर चेहऱ्याला कोणाचा हात लागत नाही.

आता लावण्याविषयी. सिटिंग संपताच स्वच्छ मऊ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, थांबत थांबत, टेकवावा. बर्फाचा खडा थेट त्वचेवर फिरवू नये. त्यानेही त्वचा भाजते. त्यानंतर सुगंधविरहित साधे कोरफडीचे जेल पातळसर लावले तरी पुरे. घरच्या कुंडीतल्या कोरफडीचा आग्रह असेल, तर पान कापल्यावर सालीलगत पिवळा चीक पाझरतो तो पूर्ण निथळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा, कारण तो चीकच पुष्कळांच्या त्वचेला झोंबतो. लिंबू अजिबात नको : लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की काळे डाग उमटतात, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. हळद, चंदन, तुरटी, टी-ट्री तेल, टूथपेस्ट, यांपैकी काहीही उघड्या छिद्रांवर लावण्याचे कारण नाही. खपल्या धरल्यावर त्या कोरड्या पडून ओढल्या जात असतील, तर पेट्रोलियम जेलीचा पुसटसा थर द्यावा. पहिले २४ तास मेकअप, वाफ, गरम पाण्याचा फवारा आणि व्यायाम टाळावा. पोहण्याच्या तलावातले क्लोरीनचे पाणी खपल्या पडेपर्यंत नको.

दुकानातून मिळालेल्या मलमाचे नाव आपण कळवलेले नाही, पण त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते आजच बंद करावे. हे तीव्र स्टेरॉइड आहेत. लाली दोन दिवसांत जादूसारखी उतरते खरी; परंतु चेहऱ्यावर ती मलमे लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात, मलम थांबवताच आधीपेक्षा जास्त लाली उसळते आणि, आपल्या बाबतीत विशेष लक्षात घेण्याजोगे, चेहऱ्यावर नवी लव वाढते. सूज खरोखरच त्रासदायक असेल, तर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन एक-दोन दिवसांपुरते देता येते, तेही त्वचातज्ज्ञांनी पाहूनच.

स्कूटरवर चेहऱ्याला गुंडाळायच्या स्कार्फविषयी आपण विचारलेले नाही, पण माझी खात्री आहे की तो आपल्याकडे आहे. उन्हापासून त्याच्याइतके चांगले संरक्षण क्वचितच मिळेल, म्हणून तो सोडा असे मी सांगणार नाही. मात्र हनुवटीवर घट्ट आवळलेला, आठवडाभर न धुतलेला, सिंथेटिक कापडाचा स्कार्फ घाम, धूळ आणि घर्षण या तिन्ही गोष्टी उघड्या छिद्रांपर्यंत पोचवतो, आणि आपल्या पुळ्यांचा मोठा वाटा त्याचा असू शकतो. सुती, मऊ, रोज धुतलेला आणि सैल बांधलेला स्कार्फ वापरावा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासत असेल, तर त्याखाली घडी केलेला सुती रुमाल ठेवावा.

पीसीओएसवरचे उपचार चालू नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हॉर्मोनतज्ज्ञांना भेटणे या सगळ्याइतकेच आवश्यक आहे. अन्यथा एकीकडे जुने केस जात राहतील आणि दुसरीकडे नवे राठ होत राहतील.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न अडीच महिन्यांवर आले आहे. तिच्या ओठावरचे आणि हनुवटीवरचे केस लग्नाआधी कायमचे काढून टाकावेत, असा आमचा विचार आहे. हळदीच्या वेळी चेहऱ्याला हळद लागणारच. किती दिवस आधी थांबावे?
— एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : शेवटची सिटिंग आणि हळदीचा दिवस यांत किमान तीन आठवडे, शक्य असल्यास चार आठवडे अंतर ठेवावे. खपल्या आठवड्याभरात पडतात, पण त्याखालची गुलाबी किंवा तपकिरी छटा निवायला आणखी वेळ लागतो आणि ताज्या त्वचेवर हळद नुसती झोंबत नाही, तर तिचा रंगही छिद्रांत धरून बसतो.

अडीच महिन्यांत केस ‘कायमचे’ जातील ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. आपल्या चेहऱ्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीच्या अवस्थेत असतात, तर काही त्वचेखाली विसावलेले असतात. आज दिसणारा केस काढला, तरी विसावलेला केस काही आठवड्यांनी डोके वर काढतो. म्हणून पूर्ण उपचाराला बहुधा वर्ष ते दीड वर्ष लागते. लग्नापूर्वी केस विरळ होतील, एवढेच घडू शकते. मुहूर्त जवळ आला म्हणून आठवड्यातून दोनदा, तास-तास बसवून काम उरकून घेण्याचा मोह होतो, आणि चेहऱ्यावर डाग घेऊन मांडवात उभ्या राहिलेल्या मुली याच घाईतून आलेल्या असतात.

थांबल्यानंतरच्या काळात उगवलेले केस चेहऱ्यासाठीच्या छोट्या रेझरने अलगद काढावेत. रेझर फिरवल्याने केस दाट होतात, ही समजूत निराधार आहे. टोक बोथट झाल्याने तो जाड भासतो, एवढेच. वॅक्सिंग, ब्लीच आणि लग्नाआधीचे ‘स्पेशल’ फेशियल या तिन्हींना चेहऱ्याच्या त्या भागापुरता नकार द्यावा. हळदीच्या दिवशी वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की हात, पाय, दंड आणि गाल आहेत, हनुवटी आणि ओठ तेवढे सोडा. कोणाचे मन दुखावणार नाही.

प्रश्न : ओठावर सुई इतकी टोचते की डोळ्यांतून पाणी येते. तंत्रज्ञ म्हणतात की बधिर करणारे क्रीम लावून या. मागच्या वेळी घरून क्रीम लावून गेले, तर तेवढा भाग पांढराफटक पडला, नंतर लाल झाला, आणि तीन दिवसांनी ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आले. हे क्रीममुळे की उपचारामुळे?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या असाव्यात. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेले क्रीम लावल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या काही काळ आकसतात, त्यामुळे त्वचा फिकट दिसते, आणि नंतर त्या मोकळ्या झाल्या की लाली येते. हा त्या क्रीमचा नेहमीचा परिणाम आहे. क्रीम लावताना जाडसर थर देऊन त्यावर पातळ प्लास्टिक झाकावे, साधारण तासभर ठेवावे आणि सुरुवात करण्यापूर्वी ते पूर्णपणे पुसून, धुऊन, त्वचा कोरडी करावी. पुष्कळ जणी वीस मिनिटांत पुसून टाकतात आणि मग क्रीम निरुपयोगी म्हणतात. मात्र एका वेळी ओठावरच्या पट्टीएवढ्याच भागावर ते लावावे. संपूर्ण चेहरा व गळा माखून घेऊ नये, कारण शोषले गेलेले औषध जास्त झाल्यास रक्ताच्या ऑक्सिजन वाहून नेण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. उघड्या खपल्यांवर, डोळ्यांजवळ आणि गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

पाण्याचे फोड ही दुसरी गोष्ट. ते एकाच जागी पुंजक्याने आले असतील, येण्याआधी तिथे चुणचुण जाणवली असेल आणि पूर्वी तापानंतर किंवा कडक उन्हानंतर तसेच फोड येत असतील, तर ती नागिणीच्या कुळातल्या हर्पीज सिम्प्लेक्स विषाणूची लागण आहे. हा विषाणू मज्जातंतूंत दबून राहतो आणि ओठाभोवती सुई चालली की जागा होतो. अशा व्यक्तींना सिटिंगच्या आधीपासून असायक्लोव्हिरसारखे औषध काही दिवस दिले, तर बहुधा फोड येत नाहीत. फोड असताना सिटिंग घेऊ नये आणि ते फोडू नयेत; लागण चेहऱ्यावर इतरत्र पसरते.

वेदनेसाठी तासभर आधी पॅरासिटामॉल घेण्यास सहसा हरकत नसते. ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, त्याने त्वचेखाली रक्त साकळून निळे डाग पडतात. (मात्र हृदयविकारासाठी ते डॉक्टरांनी दिलेले असेल तर बंदही करू नये.) पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस त्वचा अधिक हळवी असते, ते टाळावेत. सिटिंगआधी चहा-कॉफी नको, असे तंत्रज्ञ सांगतात. त्यामागे भक्कम पुरावा नाही, पण चहाचा एक कप मागे ढकलल्याने नुकसान काहीच नाही. अमृततुल्य नंतरही उघडेच असते. याउपर ओठावर एकावेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये. तिथली त्वचा पातळ आहे आणि सूज पटकन येते.

प्रश्न : मी २७ वर्षांची पारलिंगी स्त्री आहे. हॉर्मोनचे उपचार वर्षभर चालू आहेत. लेसरने दाढीचे काळे केस बरेच कमी झाले, उरलेल्यांसाठी इलेक्ट्रोलिसिस चालू आहे. सुई लावण्यासाठी केस थोडे वाढवावे लागतात. त्या दिवसांत ऑफिसला मास्क लावून जाते, आणि सिटिंगनंतर मास्कखाली पुरळ उठते. दोन-दोन तासांच्या सिटिंगनंतर सोमवारी दाढी करायचीही भीती वाटते. काही मार्ग सुचवाल का?
— एक वाचक, विमाननगर

उत्तर : आपण निवडलेला क्रम योग्य आहे. लेसर केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढरे, भुरे आणि अगदी फिकट केस त्याला दाद देत नाहीत. इलेक्ट्रोलिसिसला केसाचा रंग कोणता याच्याशी कर्तव्य नसते. हॉर्मोनमुळे अंगावरची लव हळूहळू पातळ होते, पण एकदा उगवलेली दाढी त्याने जात नाही, म्हणून हा लांबचा पल्ला गाठावाच लागतो. अनेकींना त्यासाठी दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. एवढा काळ त्वचा टिकवून धरायची आहे, हे लक्षात ठेवूनच आठवड्याची आखणी करावी.

शुक्रवारी संध्याकाळची सिटिंग मिळत असेल तर बुधवारी सकाळी शेवटची दाढी करावी. शुक्रवारपर्यंत चिमट्यात धरण्याइतका केस वाढतो आणि खुंट दिसण्याचे दिवस जेमतेम दोन राहतात. शनिवार-रविवारी घरी मास्क नसावा. चेहरा फक्त गार पाण्याने, हाताने न चोळता धुवावा आणि मऊ नॅपकिनने टिपावा. सोमवारी सूज उतरलेली असेल आणि त्वचेला हात लावल्यावर दुखत नसेल, तर दाढी करता येईल. नवे पाते, सुगंधविरहित फोम, केसाच्या वाढीच्या दिशेने एकच हात, आणि खपल्या असलेले ठिपके सोडून. उलट दिशेने गुळगुळीत करण्याचा हट्ट त्या आठवड्यात धरू नये. तुरटीचा खडा आणि अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह कपाटातच राहू द्यावे. कन्सीलर लावायचा असेल तर सोमवारपासून लावावा, स्वतःच्या, धुतलेल्या स्पंजने, आणि घरी पोचताच काढून टाकावा. मास्क सुती असावा आणि दुपारी जेवणानंतर दुसरा बदलावा. घाम मुरलेला मास्क दिवसभर त्याच त्वचेवर राहिला, की पुरळ उठणारच.

दोन तासांच्या सिटिंगला माझी हरकत नाही, पण ते दोन तास एकाच गालावर जाऊ नयेत. अर्धा तास उजवा जबडा, मग डावा, मग गळा, थोडा वेळ ओठ, पुन्हा उजवीकडे परत, असे फिरत काम केले तर तेवढ्याच वेळात तेवढेच केस निघतात आणि कोणताही एक भाग भाजून निघत नाही. इस्ट्रोजेनमुळे त्वचा पूर्वीपेक्षा कोरडी होत असते, म्हणून सिटिंग नसलेल्या दिवसांत साधे मॉइश्चरायझर दोन वेळा लावावे. चेहऱ्यासाठी रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड असलेले काही वापरत असाल, तर ते सिटिंगच्या आधी आठवडाभर बंद ठेवावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा अलीकडेच थांबवल्या असतील, तर तंत्रज्ञाला ते सांगावेच आणि त्वचातज्ज्ञांना विचारून मगच पुढे जावे.

प्रश्न : सहा महिने इलेक्ट्रोलिसिस केले. केस कमी झाले, पण हनुवटीवर तपकिरी ठिपके राहिले आहेत, दोन ठिकाणी खळगे पडल्यासारखे वाटतात. मी खपल्या नखाने काढत असे, हेही सांगते. डाग जातील का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : तपकिरी ठिपके बहुधा जातील, खळग्यांबद्दल तितकी खात्री देता येत नाही. आपल्या वर्णाच्या त्वचेला कोणतीही इजा झाली की ती तिथे जादा रंगद्रव्य ओतते. हे रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत विरतो. खालच्या थरात उतरले असेल तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्ष-दीड वर्षही रेंगाळतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभे राहून, आरशात पाहिल्यास हा फरक आपल्यालाही जाणवेल. ट्यूबलाइटखाली तो ओळखता येत नाही.

डाग घालवण्यात सर्वांत मोठा वाटा सनस्क्रीनचा आहे, आणि तोच सर्वांत जास्त कंटाळा केला जाणारा भाग आहे. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, झिंक ऑक्साइड असलेले, शक्यतो त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे. त्या छटेतील आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते आणि सावळ्या त्वचेवर डाग गडद करण्यात त्या प्रकाशाचा हात असतो. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत ते टिकत नाही, दुपारी पुन्हा लावावे. त्याच्या जोडीला ॲझेलेइक ॲसिड किंवा निॲसिनमाइड असलेले क्रीम रात्री लावल्यास उपयोग होतो. ॲझेलेइक ॲसिड सुरुवातीला थोडे चुणचुणते, तेव्हा एक दिवसाआड सुरुवात करावी. हायड्रोक्विनोन असलेली ‘गोरेपणाची’ तिहेरी मिश्रणे स्वतःहून आणू नयेत, त्यांत बहुधा स्टेरॉइड असते.

डाग फिके होईपर्यंत त्या भागावरच्या सिटिंग थांबवाव्यात. पुन्हा सुरू करताना एका कोपऱ्यातले पाच-सहा केसच कमी मात्रेवर काढून घ्यावेत आणि चार आठवडे वाट पाहावी. तिथे डाग पडला नाही, तर पुढे जावे. खळगे जास्त मात्रेमुळे पडले की नखामुळे, हे आता ठरवता येणार नाही. नवी व्रणांची ऊती काही महिने बदलत राहते, म्हणून त्यांवर लगेच कोणताही उपचार करून घेऊ नये. घरात कोणाला जखमेवर व्रण जाड होऊन वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर ते मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना न विसरता सांगावे.

प्रश्न : वय ६२. पाळी गेल्यापासून हनुवटीवर पाच-सात पांढरे ताठ केस येतात. मधुमेह आहे, आणि दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. नात म्हणते, आजी, सुई लावून घे. लावू का?
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : पेसमेकर असताना इलेक्ट्रोलिसिस करू नये. या उपचारात शरीरातून वीज जाते, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांनी आपले यंत्र पाहून लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणीही सुई लावू नये. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून तर उठूनच यावे. केस पांढरे असल्यामुळे लेसरचाही उपयोग नाही. आणि मधुमेहात जखमा सावकाश भरतात, हेही आहेच. पाच-सात केसांसाठी यातले काहीही अंगावर घेण्याची गरज नाही. आंघोळीनंतर त्वचा मऊ असताना, चष्मा लावून, बारीक टोकाच्या छोट्या कात्रीने ते मुळाशी कापावेत, किंवा नातीकडून कापून घ्यावेत. चिमट्याने उपटू नयेत. रक्तातील साखर जास्त असताना उपटलेल्या जागी पू होण्याचा संभव असतो. हे केस अलीकडे एकाएकी वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल किंवा डोक्यावरचे केस पुढून विरळ होऊ लागले असतील, तर मात्र टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करून घ्यावी आणि अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवावा.